काटक्यांवरच्या बुरशीसाठी अंबाल्याचा सूक्ष्मदर्शक: दोन पावसाळ्यांनंतरचे परीक्षण

चिपळूणजवळच्या आमच्या बागेत आंब्याच्या आणि काजूच्या झाडांखाली पडलेल्या वाळक्या काटक्या मी दोन वर्षांपासून वेचते आहे. या काटक्यांच्या सालीवर मोहरीच्या दाण्याहूनही बारीक काळे ठिपके, फोड, चिरा आणि कधी कधी चिमुकल्या होड्यांसारखे आकार दिसतात. नुसत्या डोळ्यांना ते सारे सारखेच काळे वाटतात. पण एकाच वीतभर काटकीवर तीन-चार वेगवेगळ्या बुरशा शेजारी शेजारी नांदत असतात. त्यांची ओळख पटवायची तर सूक्ष्मदर्शकावाचून गत्यंतर नाही. त्यासाठी मी हरियाणातल्या अंबाल्यात तयार झालेला, दोन नेत्रिकांचा (डोळा लावायच्या भिंगांचा) संयुक्त सूक्ष्मदर्शक साडेअठरा हजार रुपयांना घेतला. दोन पावसाळे आणि मधला एक हिवाळा तो जवळजवळ रोज वापरल्यावर, याच कामासाठी यंत्र घेऊ पाहणाऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. उत्पादकाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे सांगितलेल्या त्रुटी कदाचित मला मिळालेल्या एका नगापुरत्याच असतील. त्यामुळे नावापेक्षा घडणीबद्दलच लिहिते.

यंत्राबरोबर ४, १०, ४० आणि १०० पटींची चार ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याजवळची भिंगे), १० पटींच्या दोन नेत्रिका, खाली ॲबे पद्धतीचा कंडेन्सर (नमुन्यावर प्रकाश एकवटणारे भिंग, त्यात प्रकाश कमी-जास्त करणारी झडप असते) आणि एलईडीचा दिवा मिळाला. दिव्याला आतच चार्ज होणारी बॅटरी आहे. पावसाळ्यात आमच्याकडे विजेचा जो खेळखंडोबा चालतो, तो पाहता ही सोय मला फार मोलाची वाटते. विक्रेत्याने वर २० पटींच्या नेत्रिकाही देऊ केल्या होत्या आणि त्या लावल्या की यंत्र २००० पट मोठे दाखवते, असे आवर्जून सांगितले होते. मी त्या घेतल्या नाहीत आणि कोणी घेऊही नयेत. सूक्ष्मदर्शकात किती बारीक तपशील दिसेल, हे पटींवर ठरत नाही. ऑब्जेक्टिव्हवर पटींच्या शेजारी जो दुसरा आकडा कोरलेला असतो, त्या न्यूमरिकल ॲपर्चरवर ते ठरते. ४० पटींच्या ऑब्जेक्टिव्हवर ०.६५ आणि १०० पटींच्या ऑब्जेक्टिव्हवर १.२५ असे आकडे असतात. हिरव्या प्रकाशात पहिल्याने सुमारे अर्ध्या मायक्रॉनवर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असलेले दोन बिंदू वेगळे दिसतात, तर दुसऱ्याने साधारण पाव मायक्रॉनवरचे. नेत्रिका कितीही बदलल्या तरी या मर्यादेपलीकडे नवे काही दिसत नाही, दिसते ते फक्त मोठे आणि पुसट होत जाते.

काटक्यांवरच्या बुरशीचे बहुतेक काम ४० पटींवर होते, म्हणून यंत्राची खरी परीक्षा त्याच ऑब्जेक्टिव्हवर करावी. माझ्या यंत्रातील हे भिंग चांगले आहे. दृश्याच्या मधला दोन-तृतीयांश भाग रेखीव दिसतो, कडेला मात्र थोडी धूसरता येते. सेमी-प्लान प्रकारचे, म्हणजे कडेलाही बऱ्यापैकी रेखीव चित्र देणारे भिंग घेतले असते तर ती कमी झाली असती. पण बीजाणू मध्यभागी आणूनच मोजायचे असल्यामुळे या धूसरतेने माझे काम कधी अडले नाही. अडले होते ते वेगळ्याच कारणाने. पहिले दोन आठवडे ४० पटींवरचे प्रत्येक चित्र दुधाळ दिसत होते आणि भिंगच सदोष आहे, अशी माझी समजूत झाली होती. दोष निघाला बरोबर आलेल्या कव्हर स्लिपमध्ये, म्हणजे नमुन्यावर झाकायच्या पातळ काचेत. हे ऑब्जेक्टिव्ह ०.१७ मिलिमीटर जाडीची काच गृहीत धरून बनवलेले असते. डबीतल्या काचा कमी-अधिक जाडीच्या होत्या आणि मी पाण्याचा थेंबही मोठा घालत होते, त्यामुळे काचेखाली पाण्याचा जाड थर साचत होता. योग्य जाडीच्या कव्हर स्लिपची वेगळी डबी आणली, थेंब टाचणीच्या डोक्याएवढा केला आणि त्याच भिंगातून बीजाणूंच्या भिंती स्वच्छ दिसू लागल्या.

मी ओळखलेली पहिली बुरशी म्हणजे वर उल्लेखलेली ती काळी होडी. कोरड्या काटकीवर ती मिटलेल्या ओठांसारखी दिसते. लांबी एक ते तीन मिलिमीटर, काठांवर आडव्या बारीक चुण्या. काटकी ओल्या टिपकागदावर ठेवून वर पेट्री डिश झाकली, तर थोड्याच वेळात हे ओठ विलग होतात आणि आतून विटकरी-लाल रंगाची चकती उघडी पडते. हे प्रत्यक्ष पाहणे हाच मोठा आनंद आहे आणि त्यासाठी दहा पटींचे साधे हातभिंगही पुरते. ओळख पक्की करण्यासाठी मात्र त्या चकतीचा पापुद्र्याइतका पातळ छेद घ्यावा लागतो. दाढीच्या पात्याचा अर्धा तुकडा आणि इन्सुलिनच्या सिरिंजची सुई एवढ्या साधनांवर हे काम भागते. पाण्यात ठेवलेल्या त्या छेदात लांबट पिशव्या दिसतात, त्यांना ॲस्कस म्हणतात. प्रत्येक ॲस्कसमध्ये आठ बीजाणू असतात. पक्व बीजाणू गडद तपकिरी, जाड भिंतीचे, दोन्ही टोकांना निमुळते आणि तीन आडपडद्यांनी चार कप्प्यांत विभागलेले असतात. लांबी साधारण २० ते ३५ मायक्रॉन भरते. उघडणारी होडी, लाल चकती आणि चार कप्प्यांचे मोठे तपकिरी बीजाणू ही तिन्ही लक्षणे जुळली की ऱ्हायटिडहिस्टेरॉन रुफुलम हे नाव समोर येते. उष्ण प्रदेशांत काटक्यांवर ती सर्रास आढळते. हिस्टेरियम नावाची बुरशीही वरून अशीच काळी होडी दिसते. पण तिची चीर अरुंदच राहते, ओली झाली तरी ती चकतीसारखी पसरत नाही. हा फरक ध्यानात यायला मला पूर्ण एक महिना लागला, कारण सुरुवातीला मी काटकी कोरडी असतानाच खरवडून थेट स्लाइडवर घेत असे. भिंगाखाली नेण्याआधी काटकी भिजू द्यावी, उघडू द्यावी आणि हातभिंगातून निवांत पाहावी. यंत्राबरोबरच्या माहितीपुस्तिकेत ही गोष्ट कुठेच नाही.

यंत्राची किंमत वसूल झाली असे मला ज्या दिवशी वाटले, त्या दिवशी मंचावर आंब्याची फांदीमर झालेली डहाळी होती. शेंड्याकडून वाळत आलेल्या या डहाळीच्या सालीतून बारीक काळे फोड वर आले होते. एक फोड फोडून पाण्यात पाहिला तर दोन तऱ्हेचे बीजाणू दिसले. काही काचेसारखे पारदर्शक, जाड भिंतीचे आणि एका कप्प्याचे होते, तर काही गडद तपकिरी आणि मधोमध एकच पडदा असलेले. दोन वेगळ्या बुरशा एकत्र आल्या आहेत, असे समजून मी दोन वेगळ्या नोंदी केल्या. दुसऱ्या दिवशी कंडेन्सरची झडप अर्धी मिटवून आणि सूक्ष्म फोकसचे चाक अगदी हळू फिरवत पुन्हा पाहिले, तेव्हा तपकिरी बीजाणूंच्या भिंतीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेल्या उभ्या रेघा दिसल्या. कलिंगडावरचे पट्टे जसे देठापासून बुडापर्यंत जातात, तशा. या रेघा हीच लॅसिओडिप्लोडियाची खूण आहे. भिंतीच्या आतल्या बाजूला काळे रंगद्रव्य पट्ट्यापट्ट्यांनी साचते, त्यामुळे त्या उमटतात. आणि पारदर्शक बीजाणू हे दुसऱ्या कुणाचे नसून त्याच बुरशीचे कोवळे बीजाणू असतात. शेतीविषयक जुन्या पुस्तिकांमध्ये हिलाच बोट्रिओडिप्लोडिया म्हटलेले आढळते. साधा डिप्लोडियाही दोन कप्प्यांचे तपकिरी बीजाणू धरतो, पण त्यांच्यावर अशा रेघा नसतात. झडप पूर्ण उघडी असती तर प्रकाशाच्या झोतात या रेघा बुडून गेल्या असत्या आणि माझी नोंद चुकीचीच राहिली असती. म्हणून कंडेन्सरची झडप हा या यंत्राचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, असे मी म्हणेन. ज्यात कंडेन्सर वरखाली करता येत नाही किंवा झडपेऐवजी छिद्रांची फिरती चकती आहे, असे स्वस्त यंत्र या कामासाठी घेऊ नये.

फांदीमर झालेल्या डहाळीवर ही बुरशी सापडली म्हणून रोग तिनेच आणला, असा निष्कर्ष मात्र लगेच काढता येत नाही. ती अशक्त झाडांवर हल्ला करते, तशीच आधीच वाळलेल्या लाकडावरही सुखाने वाढते. वाळलेल्या भागावर सापडलेल्या बुरशीचे नाव सूक्ष्मदर्शक सांगतो. फांदी कशाने वाळली याचे उत्तर त्याच्याकडे नसते. शेजारचे बागायतदार काटकी घेऊन येतात आणि लगेच औषधाचे नाव विचारतात, तेव्हा हे समजावून सांगणे मला माझे कर्तव्य वाटते.

बीजाणू मोजल्याशिवाय ओळख अर्धवट राहते आणि मोजण्याची सोय या यंत्राबरोबर दिलेली नाही, ही माझी पहिली मोठी तक्रार आहे. नेत्रिकेत बसणारी रेघांची काचेची चकती आणि तिचे माप पडताळण्यासाठी स्टेज मायक्रोमीटर, म्हणजे एक मिलिमीटरचे शंभर भाग कोरलेली काचपट्टी, या दोन्ही वस्तू वेगळ्या घ्याव्या लागल्या. त्या काचपट्टीवरचा एक भाग १० मायक्रॉनचा असतो. ४० पटींच्या ऑब्जेक्टिव्हखाली नेत्रिकेतील एका भागाचे माप अडीच मायक्रॉन धरावे, असे विक्रेत्याने सांगितले होते. प्रत्यक्ष पडताळल्यावर माझ्या यंत्रात १०० मायक्रॉनमध्ये नेत्रिकेचे ३९ भाग बसले, म्हणजे एक भाग २.५६ मायक्रॉनचा निघाला. फरक लहान आहे, पण तो प्रत्येक मापात शिरतो. म्हणून दुसऱ्याच्या यंत्राचे आकडे उसने घेऊ नयेत. मी प्रत्येक नमुन्यातले किमान वीस पक्व बीजाणू मोजते आणि शक्य तेव्हा बुरशीने आपण होऊन बाहेर टाकलेले बीजाणूच मोजते. ओलसर डिशमध्ये काटकीच्या अगदी जवळ स्लाइड रात्रभर ठेवली की बऱ्याचदा सकाळी तिच्यावर ते मिळतात. पिशवीत अडकलेले बीजाणू पुष्कळदा कच्चे असतात आणि त्यांची मापे फसवी निघतात. माप नेहमी पाण्यात घ्यावे. लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लूने बुरशी सुरेख निळी दिसते आणि महाविद्यालयात आम्हाला तेच शिकवले होते. पण त्यात जिवंत पेशी मरतात, त्यांतील तेलाचे थेंब आणि मूळचे रंग बदलतात. शिवाय फिनॉल विषारी असते. घरात ते मी आता वापरतच नाही.

रसायने दोनच ठेवली आहेत आणि दोन्ही फार कामाची आहेत. जाड सालीच्या लाकडावर हायपॉक्सिलॉन प्रजातीतल्या बुरशांचे तपकिरी, लालसर किंवा जांभळट थर पसरलेले असतात. त्यातला कणभर तुकडा पांढऱ्या बशीत घेऊन त्यावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला, की थेंबात रंग उतरतो: कधी नारिंगी, कधी हिरवट, कधी जांभळा. हा रंग जाती ओळखण्याचा मोठा आधार आहे आणि त्यासाठी सूक्ष्मदर्शकही लागत नाही. दुसरे रसायन म्हणजे लुगॉलचे आयोडीन. याच कुळातल्या अनेक बुरशांमध्ये ॲस्कसच्या टोकाशी एक इवलीशी चकती असते आणि आयोडीन लागताच ती निळी होते. माझ्या ४० पटींच्या भिंगात हा निळा ठिपका स्पष्ट दिसतो, हे यंत्राच्या बाजूने नोंदवते. हायड्रॉक्साइड हाताळताना डोळ्यांवर चष्मा असावा आणि भिंगाला त्याचा स्पर्शही होऊ देऊ नये. काच कायमची खराब होते.

१०० पटींच्या ऑब्जेक्टिव्हने मात्र माझी निराशा केली. सागाच्या आणि काजूच्या काटक्यांवर डायाट्रिप कुळातल्या बुरशा मला वारंवार सापडल्या. त्यांचे बीजाणू फिकट, किंचित वाकलेले आणि अगदी सडपातळ असतात. लांबी सात-आठ मायक्रॉन आणि रुंदी जेमतेम दीड-दोन मायक्रॉन. त्यांचे नीट माप घ्यायला तेलातले भिंगच, म्हणजे भिंग आणि काच यांमध्ये तेलाचा थेंब ठेवून वापरायचे हे १०० पटींचे भिंगच हवे. माझ्या भिंगात अशा बीजाणूच्या कडेला जांभळी-हिरवी किनार दिसते आणि रुंदी नेमकी कुठे संपते, ते कळत नाही. बरोबर आलेली तेलाची कुपी सेडरवुड तेलाची होती. ते सुकले की घट्ट चिकटते, म्हणून मी १.५१५ अपवर्तनांकाचे कृत्रिम तेल आणले. त्याने चित्र बरेच सुधारले, किनार पूर्ण गेली नाही. भिंगावरचे आटे प्रमाणित असल्यामुळे पुढे दुसऱ्या बनावटीचे चांगले ऑब्जेक्टिव्ह याच यंत्राला लावता येईल, एवढा दिलासा आहे.

इतर त्रुटींबद्दल थोडक्यात. मंचावरचे स्लाइड सरकवणारे चाक आठ महिन्यांनी जड झाले, कारण आतले ग्रीस घट्ट झाले होते. दुरुस्तीसाठी विक्रेत्याला तीन वेळा फोन केला, दर वेळी माणूस पाठवण्याचे आश्वासन मिळाले आणि कोणी आले नाही. अखेर घड्याळे दुरुस्त करणाऱ्या गावातल्या कारागिराने ते उघडून, साफ करून नवे ग्रीस भरले. नेत्रिकेत बसणारा कॅमेरा साडेतीन हजार रुपयांना घेतला होता. त्याची चित्रे इतकी फिकी येतात की तपकिरी आणि पिवळट बीजाणूंतला फरकच हरवतो. मोबाइलचा कॅमेरा नेत्रिकेवर स्थिर धरणारा साधा कंस त्याहून कितीतरी चांगले काम देतो. कॅमेऱ्याचे पैसे वाया गेले असेच म्हणते.

कोकणातल्या वाचकांना यंत्राच्या जपणुकीबद्दल अधिक सविस्तर सांगायला हवे. आपण जिचा अभ्यास करतो, तीच बुरशी पावसाळ्यात भिंगांवर वाढते. काचेवरच्या लेपात तिचे धागे एकदा रुतले की ते पुसून जात नाहीत आणि भिंग कायमचे निकामी होऊ शकते. यंत्राबरोबर प्लॅस्टिकचे झाकण येते, ते धूळ रोखते पण दमटपणा आतच कोंडून ठेवते. मी ऑब्जेक्टिव्ह आणि नेत्रिका काढून, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवते. रंग बदलणारे जेल घेतले की ते कधी तापवून वाळवायचे, हे कळते. ऑब्जेक्टिव्ह काढलेल्या जागी धूळ शिरू नये म्हणून तिथे टोपणे लावावीत. दोन पावसाळ्यांनंतर माझी सर्व भिंगे स्वच्छ आहेत. काटक्याही अभ्यासाच्या टेबलापासून दूर, कागदी पाकिटांत वाळवून ठेवाव्यात, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत नव्हे.

एवढा खर्च करावा का, असे मला दोघा-तिघांनी विचारले. ज्यांना अजून खात्री नाही, त्यांनी आधी चांगले हातभिंग आणि फोल्डस्कोप, म्हणजे घडी घालून बनवायचा कागदी सूक्ष्मदर्शक, घ्यावा. फोल्डस्कोपची मोठे करण्याची क्षमता सुमारे १४० पट असून दोन मायक्रॉनपर्यंतचा तपशील त्यात दिसू शकतो. त्यात ऱ्हायटिडहिस्टेरॉनचे चार कप्पे मोजता येतात. पेस्टालॉशिऑप्सिसचे पाच कप्प्यांचे, टोकाला मिशांसारखे धागे असलेले बीजाणूही ओळखता येतात. लॅसिओडिप्लोडियाच्या रेघा किंवा आयोडीनने निळा होणारा ठिपका मात्र त्यातून पाहण्याची अपेक्षा ठेवू नये. ज्यांना नोंदवही ठेवून, मापे घेऊन काम करायचे आहे, त्यांना मी सांगितलेल्या घडणीचे यंत्र सुचवते. मोजण्याची साधने, चांगल्या कव्हर स्लिप, तेल आणि रसायने यांसाठी यंत्राच्या किमतीव्यतिरिक्त तीन-चार हजार रुपये बाजूला ठेवावेत.

या यंत्राने बुरशीच्या प्रजातीपर्यंत, म्हणजे वैज्ञानिक नावातल्या पहिल्या शब्दापर्यंत, बहुतेक वेळा पोहोचता येते. त्यापुढे काळजी घ्यावी. जिला पूर्वी एकच लॅसिओडिप्लोडिया थिओब्रोमी समजले जात होते, तिच्यातून २००४ नंतर डीएनएच्या आधारे अनेक जाती वेगळ्या केल्या गेल्या आहेत आणि त्यांतील कित्येक सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच दिसतात. म्हणून माझ्या नोंदींत मी आता पुढचा शब्द रिकामा ठेवते. नावांचा आणखी एक घोळ नवशिक्याला छळतो. काटकीवरच्या एकाच बुरशीच्या लैंगिक आणि अलैंगिक अवस्थांना पूर्वी दोन स्वतंत्र नावे असत. १ जानेवारी २०१३ पासून एका बुरशीला एकच नाव, असा नियम लागू झाला. जुन्या पुस्तकात फोमॉप्सिस म्हणून भेटणारी बुरशी आज डायापोर्थे या नावाखाली शोधावी लागते, ती यामुळेच. नमुना विशेष वाटला, तर तो वाळवून, ठिकाण, तारीख आणि झाडाचे नाव लिहून जपावा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशीशास्त्रज्ञ अजरेकर यांच्या नावाने बुरशींचा वनस्पतिसंग्रह आहे आणि अशा नोंदी असलेल्या नमुन्यालाच तिथल्या अभ्यासकांच्या दृष्टीने अर्थ असतो.

यंत्र घ्यायला जाताना दुकानातली तयार, रंगवलेली स्लाइड पाहून निर्णय घेऊ नये. ती कोणत्याही भिंगात चांगली दिसते. वाळलेल्या आंब्याच्या डहाळीचा, काळे फोड असलेला तुकडा खिशात न्यावा, आदल्या रात्री तो भिजवून ठेवावा, दुकानदारासमोर एक फोड पाण्याच्या थेंबात फोडावा आणि ४० पटींवर झडप अर्धी मिटवून पाहावे. तपकिरी बीजाणूंवर उभ्या रेघा दिसल्या तर यंत्र घ्यावे. नुसतेच तपकिरी बीजाणू दिसले, तर दुसऱ्या यंत्राखाली तीच स्लाइड ठेवून पाहावी.